आधी सोमवार, मग रविवार

प्रश्न : माझं वय ५६. अडीच महिन्यांपूर्वी एका सोमवारी पहाटे मला हार्ट अटॅक आला. वेळेत दवाखान्यात पोचलो, मनगटातून अँजिओप्लास्टी झाली, एक स्टेंट टाकला. परवाच्या इकोत ईएफ ४८ टक्के आलाय. गेली काही वर्षं मी दर रविवारी ग्रुपबरोबर साठ-सत्तर किलोमीटर सायकल चालवायचो, एरवी ऑफिसात बसून काम. अटॅकच्या आदल्या दिवशीही राइड झाली होती, त्यामुळे घरचे सगळे सायकललाच दोष देतात. बायकोने तर सायकलच्या कुलपाची चावीच लपवून ठेवलीय. डॉक्टर म्हणतात, ‘चाला, हलका व्यायाम करा.’ रोज अर्धा तास चालतो, त्रास होत नाही. पण कितीही भरभर चाललो तरी घड्याळात नाडी ११०च्या वर जात नाही. हृदय कमजोर झालंय का? सायकल परत कधी चालवता येईल? पूर्वीसारखी येईल का? आणखी एक, छातीत जरा टोचलं तरी जीव घाबरतो, रात्री झोप लागत नाही. सिगारेट होती, दिवसाला चार-पाच, ती आता बंद आहे. बीपीच्या गोळ्या मी वर्षभर घेतल्याच नव्हत्या. व्यायाम करतोय तर गरज काय, असं वाटायचं. कृपया नाव छापू नये.

उत्तर : सायकल परत चालवता येईल. तुम्ही जे लिहिलंय त्यावरून तरी त्यात मोठी अडचण दिसत नाही, आणि हे वाक्य तुमच्या पत्नीलाही वाचून दाखवा. पण ज्या राइडची तुम्ही वाट बघताय, ती रविवारची साठ-सत्तर किलोमीटरची राइड सगळ्यात शेवटी येईल. त्याआधी सोमवार ते शनिवारचं काहीतरी करायला हवं. तुमचं पत्र वाचताना मला काळजी वाटली ती त्या सहा दिवसांची.

आधी सायकलवरच्या आरोपाचं बघू. हृदयाच्या रक्तवाहिनीत चरबीचा थर साचायला वर्षानुवर्षं लागतात, तो एका राइडमध्ये तयार होत नाही. अटॅक येतो तेव्हा बहुतेक वेळा असा एखादा थर फुटतो, त्यावर रक्ताची गुठळी धरते आणि वाहिनी बंद पडते. तो थर वाढवायला तुमच्याकडे सिगारेट होती आणि गोळ्या सोडल्यामुळे मोकाट सुटलेलं बीपी होतं. व्यायाम करणाऱ्यांमध्ये हा गैरसमज मी फार बघते : घाम गाळतोय म्हणजे बाकी सगळं माफ. व्यायामाचा फायदा होतो तो होतोच, पण सिगारेटचं नुकसान तो भरून काढत नाही, आणि बीपीच्या गोळीचं काम पेडल करत नाही. तुम्ही सिगारेट सोडलीत हे फार मोठं काम केलंत. पुढच्या अटॅकचा धोका कमी करणारं याहून मोठं पाऊल क्वचितच असेल.

तरी सायकल चालवण्याच्या तुमच्या पद्धतीत एक खोट होती, आणि ती तुम्हाला कुणी सांगितलेली दिसत नाही. १९९३ साली अमेरिकेत अटॅक आलेल्या बाराशेहून जास्त रुग्णांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. जोराचे श्रम केल्यावर पुढच्या तासाभरात अटॅक येण्याचा धोका किती वाढतो, हे त्यात तपासलं होतं. आठवड्यातून एकदाही असे श्रम न करणाऱ्यांमध्ये तो एरवीच्या सुमारे १०७ पट झाला. आठवड्यातून एक-दोनदा करणाऱ्यांमध्ये सुमारे १९ पट, तीन-चारदा करणाऱ्यांमध्ये साधारण साडेआठ पट, आणि पाच किंवा जास्त वेळा करणाऱ्यांमध्ये अडीच पटीहूनही कमी. आकडे बघून दचकू नका. कुठल्याही एका तासात अटॅक येण्याची शक्यता मुळात इतकी थोडी असते की तिची १९ पट केली तरी ती लहानच राहते. शिवाय तुमचा अटॅक राइडनंतर बऱ्याच तासांनी आला, त्यामुळे त्या रविवारवर बोट ठेवता येत नाही. पण उतरंड बघा. सहा दिवस खुर्चीत आणि सातव्या दिवशी साठ किलोमीटर, ही सवय शरीराला परवडणारी नव्हती. तेवढेच कष्ट आठवड्यात वाटून घेतले की धोका कितीतरी खाली येतो. मी तुम्हाला सायकल सोडायला सांगत नाही, उलट ती रोज चालवायला सांगतेय.

अटॅकनंतर व्यायाम म्हटलं की घरच्यांच्या पोटात गोळा येतो, आणि त्यालाही इतिहास आहे. एके काळी अटॅकनंतर माणसाला चार-सहा आठवडे अंथरुणात झोपवून ठेवत. कूस बदलायलाही मदतनीस लागायचा. पायात गुठळ्या व्हायच्या, त्या फुप्फुसात जायच्या, आणि अटॅकमधून वाचलेला माणूस विश्रांतीने दगावायचा. १९५२ मध्ये सॅम्युअल लेव्हिन आणि बर्नार्ड लॉन या बोस्टनच्या डॉक्टरांनी पहिल्या काही दिवसांतच रुग्णांना उठवून आरामखुर्चीत बसवायचा प्रयोग मांडला, तेव्हा तोसुद्धा धाडसाचा वाटला होता. सप्टेंबर १९५५ मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांना अटॅक आला. त्यांच्यावर उपचार करणारे डॉक्टर पॉल डडली व्हाइट स्वतः सायकलचे मोठे भोक्ते होते आणि हृदयरोग्याने चालतं-फिरतं राहावं असं ते उघडपणे सांगत. आयझेनहॉवर बरे झाले, पुढच्याच वर्षी परत निवडून आले आणि दुसरी कारकीर्द पूर्ण केली. बोस्टनमध्ये चार्ल्स नदीच्या काठच्या सायकलमार्गाला आज त्या डॉक्टरांचं नाव आहे.

आणि खास सायकलवरचाच एक पुरावा सांगते. जर्मनीतल्या लाइपझिगमध्ये छातीत दुखण्याचा जुना, स्थिर आजार असलेल्या १०१ पुरुषांचे दोन गट केले. एका गटाला स्टेंट बसवला, दुसऱ्याने वर्षभर रोज २० मिनिटं जागेवरची सायकल चालवली. २००४ मध्ये निकाल आला : वर्षभरात हृदयाची कुठलीही मोठी घटना न घडलेले लोक सायकलच्या गटात ८८ टक्के होते, स्टेंटच्या गटात ७० टक्के. यातून स्टेंट निरुपयोगी असं अजिबात समजू नका. ते रुग्ण अटॅकमध्ये नव्हते. तुम्ही अटॅकमध्ये होतात आणि तुमची वाहिनी वेळेत उघडली म्हणून तर तुम्ही हे पत्र लिहू शकलात. मला लक्ष वेधायचंय ते ‘रोज २० मिनिटं’ याकडे. साठ किलोमीटरची गरज नव्हतीच.

आता तुमच्या आकड्यांकडे येते. ईएफ ४८ टक्के म्हणजे निम्म्याहून जास्त हृदय गेलं, असं वाटून कित्येक जण खचतात. डावा कप्पा दर ठोक्याला आतल्या रक्तापैकी किती टक्के बाहेर फेकतो, ते ईएफ सांगतो. धडधाकट माणसाचाही तो १०० नसतो, साधारण ५५ ते ७० असतो. तुमचा किंचित कमी आहे, एवढाच त्याचा अर्थ. अटॅकमध्ये मेलेल्या स्नायूच्या जागी घट्ट व्रण तयार व्हायला साधारण ६ ते ८ आठवडे लागतात, तो काळही तुमचा उलटून गेलाय. (हे वाचणाऱ्या ज्यांचा ईएफ ४०च्या खाली आहे किंवा ज्यांची बायपास झालीय, त्यांनी पुढचा मजकूर आपल्याला जसाच्या तसा लावू नये. बायपासनंतर छातीचं हाड जुळायला दोन-तीन महिने जातात, तोवर हँडलवर भार टाकून वाकणं चालत नाही.)

नाडी ११०च्या वर जात नाही, त्याचं कारण बहुधा तुमच्या गोळ्यांच्या डबीत आहे. अटॅकनंतर बहुतेकांना बीटा ब्लॉकर देतात. नावाच्या शेवटी ‘लोल’ असतं : मेटोप्रोलोल, बिसोप्रोलोल वगैरे. हृदयाची गती आवरून धरणं हेच त्या गोळीचं काम. ११०ला नाडी अडते म्हणजे गोळी काम करतेय, हृदय थकलंय असं नाही. गोळीच्या नावाची खात्री मात्र डॉक्टरांकडून करून घ्या. आणि ‘२२० वजा वय’ हे सूत्र विसरून जा. तुमच्या वयाला ते १६४ म्हणेल, त्याच्या ७०-८० टक्के गाठायला जाल तर या गोळ्यांवर तुम्ही ऊर फुटेस्तोवर दामटत राहाल. शिवाय मनगटावरची घड्याळं सायकलवर नीट वाचत नाहीत, हँडलची पकड आणि रस्त्याचे हादरे त्यांना फसवतात. नाडी मोजायचीच असेल तर छातीला बांधायचा पट्टा बरा.

मग मोजायचं कशाने? श्वासाने. पेडल मारताना तुम्हाला एक अख्खं वाक्य न तोडता बोलता आलं पाहिजे. दम लागला, श्वास वाढला, पण बोलता येतंय, ही तुमची जागा. दोन शब्दांनंतर श्वास घ्यायला थांबावं लागलं की जोर जास्त झाला. गाणं म्हणता येत असेल तर थोडा वाढवायला हरकत नाही. गुन्नार बोर्ग या स्वीडिश मानसशास्त्रज्ञाने श्रम किती जाणवतात हे मोजायला ६ ते २० अशी पट्टी केली, ती रिहॅब केंद्रांच्या, म्हणजे हृदयरुग्णांकडून देखरेखीखाली व्यायाम करून घेणाऱ्या केंद्रांच्या, भिंतीवर लावलेली असते. तिच्यावर तुम्ही सुरुवातीला ११ ते १३च्या मध्ये राहायचं, म्हणजे ‘हलकं’ आणि ‘जरा जड’ यांच्या दरम्यान. बोलून बघणं त्याहून सोपं आहे.

हृदयरोग्यांकडून व्यायाम करून घेणं हेच माझं काम. अटॅकनंतर माणूस पहिल्यांदा जागेवरच्या सायकलवर बसतो तेव्हा मी त्याचे पाय बघत नाही, हात बघते. हँडल इतकं घट्ट आवळलेलं असतं की बोटांची पेरं पांढरी पडतात, खांदे कानाला लागलेले, ओठ मिटलेले, श्वास कोंडलेला. मशीनवर भार जवळजवळ शून्य असतो आणि बीपी मात्र वर चढत असतं. आवळलेली मूठ आणि रोखलेला श्वास बीपी वाढवायला पुरेसे आहेत. म्हणून पहिले काही दिवस माझा एकच आग्रह असतो : बोटं सैल, कोपर किंचित वाकलेले, तोंड उघडं, बोलत राहा. रस्त्यावरही हेच. चढ आला, वारा समोरून आला की माणूस नकळत श्वास धरतो.

प्रत्यक्ष सुरुवात स्ट्रेस टेस्टने करा, म्हणजे फिरत्या पट्ट्यावर चालवून ईसीजी बघतात, आपण टीएमटी म्हणतो ती. नेहमीच्या गोळ्या घेऊनच ती करायची का, हे आधी विचारा. रोगनिदानासाठी कधीकधी बीटा ब्लॉकर थांबवायला सांगतात, पण तुम्हाला व्यायामाची मर्यादा ठरवायचीय आणि व्यायाम तुम्ही गोळ्या घेऊनच करणार आहात. आपल्या मनाने एकही गोळी थांबवू नका. रिपोर्टमध्ये ‘मेट्स’ असा एक आकडा असतो. शांत बसलेल्या माणसाला जेवढा ऑक्सिजन लागतो तो एक मेट. सपाट रस्त्यावर ताशी १६ किलोमीटरच्या आत रमतगमत सायकल चालवायला साधारण ४ मेट्स लागतात, ताशी २० किलोमीटरच्या आसपास गेलात की ८ होतात. टेस्टमध्ये तुम्ही ७ मेट्सपर्यंत पोचलात आणि ईसीजीत बदल, छातीत दुखणं, ठोके चुकणं यातलं काही झालं नाही, तर रमतगमत चालवणं तुमच्या आवाक्यात आहे आणि ग्रुपचा वेग अजून नाही. एवढं साधं गणित आहे. डॉक्टर ‘हलका व्यायाम’ म्हणतात तेव्हा हा आकडा मागून घ्या, नाहीतर हलकं म्हणजे काय हे जो तो आपल्या मनाने ठरवतो.

टेस्ट नीट पार पडली की जागेवरची सायकल. कार्डिॲक रिहॅबची सोय मिळत असेल तर ती सोडू नका. व्यायामावर आधारलेल्या रिहॅबने हृदयविकाराचे मृत्यू आणि परत दाखल व्हायची वेळ, दोन्ही कमी होतात, हे अनेक चाचण्या एकत्र करून तपासलेलं आहे. तरीही बरेच रुग्ण तिकडे फिरकतच नाहीत, आणि त्यांना कुणी पाठवतही नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं. सोय नसेल तर घरी किंवा जिममध्ये, पण घरात कुणी असताना. आधी दहा मिनिटं अगदी हलके पेडल, मग दहा मिनिटं बोलता येईल इतक्या जोराने, मग परत दहा मिनिटं हलके. मधला भाग दर आठवड्याला तीन-पाच मिनिटांनी वाढवा. आधी वेळ वाढवायचा, मग दिवस, आणि जोर सगळ्यात शेवटी. आठवड्यातले पाच दिवस अर्धा-अर्धा तास सहज जमू लागला की १५० मिनिटं होतात, आणि जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान तेवढ्याच मध्यम व्यायामाची शिफारस करते.

सुरुवातीची आणि शेवटची ती दहा मिनिटं कुणी खाऊ नयेत. थंड इंजिन एकदम रेटलं की ते कुरकुरतं, तसं गरम न झालेलं हृदय कमी श्रमातही रक्त कमी पडल्याची तक्रार करतं. आणि शेवट तर त्याहून महत्त्वाचा. जोरात पेडल मारताना मांड्यांचे स्नायू रक्त वर ढकलत असतात. तुम्ही एकदम उतरून उभे राहिलात की ते रक्त पायांत साठतं, बीपीच्या गोळ्यांनी आधीच सैल झालेल्या वाहिन्या सावरत नाहीत, डोळ्यांपुढे अंधारी येते. ठोके बिघडण्याची शक्यताही याच मिनिटांत जास्त असते. हलके पेडल मारत थांबा. लगेच कडकडीत पाण्याने अंघोळ नको.

रस्त्यावर कधी? जागेवरच्या सायकलवर सलग अर्धा तास तीन-चार आठवडे निर्धास्त झाला की. रस्ता सपाट, रहदारी कमी, आणि घराभोवती फेऱ्या मारता येतील असा निवडा. सरळ लांब जाऊन परत यायचं ठेवलंत तर दमलात त्या जागेपासून घर सगळ्यात दूर असतं. वारा असेल तर जाताना समोरून घ्या, येताना पाठीशी. गिअर हलका ठेवून पाय भरभर फिरवा, मिनिटाला साठ-सत्तर फेऱ्या. जड गिअरमध्ये मांड्या ताणून रेटणं म्हणजे वजन उचलण्यासारखंच, बीपी चढतं. चढ आला तर उतरा आणि सायकल हातात धरून चाला, यात कमीपणा नाही. बॅटरीची सायकलही मी खुशाल सुचवते. चढावर आणि उलट्या वाऱ्यात ती जोर लावते, बाकी पाय तुमचेच चालतात. भरपेट जेवणानंतर दोन तास, कडक उन्हात, बोचऱ्या थंडीत नको. ताप किंवा घसा-खोकला असेल तर बरं वाटेपर्यंत मुळीच नको.

ग्रुप राइड मात्र आणखी काही महिने नको, असं माझं ठाम मत आहे. मित्र चांगलेच असणार. पण पुढच्याचं चाक सुटू नये म्हणून माणूस श्वासाचं ऐकत नाही, आणि ‘आज जरा दमलोय’ हे दहा जणांत म्हणवत नाही. एखादा समजूतदार मित्र घ्या, तुमच्या वेगाने चालणारा. राइड नोंदवणाऱ्या ॲपमधली जुनी वेळ, जुने विक्रम, क्रमवारी, सगळं बंद करून टाका. मधेमधे जोर लावण्याच्या व्यायामाबद्दल कुठेतरी वाचाल. नॉर्वेतल्या रिहॅब केंद्रांमध्ये ४,८४६ हृदयरुग्णांच्या १,७५,८२० तासांच्या व्यायामाची नोंद २०१२ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यात हृदय बंद पडण्याचे तीनच प्रसंग घडले, म्हणजे देखरेखीखाली धोका फारच कमी. पण त्या तीनपैकी दोन जोराच्या व्यायामात घडले, आणि त्याचे तास एकूण तासांच्या साधारण पाव होते. ते दोघेही वाचले, कारण आजूबाजूला तयार माणसं होती. एकट्याने रस्त्यावर ते करू नका.

सायकलवाल्यांना कुणी सहसा सांगत नाही अशी एक गोष्ट. स्टेंटनंतर रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन गोळ्या साधारण वर्षभर असतात, ॲस्पिरिन आणि तिच्या जोडीला क्लोपिडोग्रेल किंवा टिकाग्रेलोरसारखी दुसरी. त्या डॉक्टरांना न विचारता बंद केल्या तर स्टेंटमध्येच गुठळी होऊ शकते, आणि तो प्रकार जिवावर बेततो. पण त्या चालू असताना पडणं महागात पडतं. खरचटलं तर रक्त उशिरा थांबतं, दहा मिनिटं न उचलता दाबून धरा. डोक्याला मार लागला तर शुद्ध हरपली नसली, बरं वाटत असलं, तरी थेट दवाखाना. हेल्मेट प्रत्येक वेळी, आणि खडबडीत वाटा, उतारावरचा वेग या वर्षी नको. गुडघा दुखला म्हणून डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन यांसारख्या वेदनाशामक गोळ्या परस्पर घेऊ नका. अटॅकनंतर त्यांचा हृदयाला धोका असतो आणि पातळ रक्तात पोटातून रक्तस्रावही होऊ शकतो. कोलेस्टेरॉलच्या स्टॅटिन गोळीने दोन्ही मांड्या सारख्या दुखत असतील तर डॉक्टरांना सांगा, तिला सायकलचा थकवा समजून बसू नका. लघवी गडद रंगाची झाली तर त्याच दिवशी.

छातीतल्या टोचण्याबद्दल. बोटाने दाखवता येतं, दाबलं की दुखतं, कूस बदलली की बदलतं, क्षणात येऊन जातं, असं टोचणं बहुतेक वेळा स्नायूंचं किंवा फासळ्यांचं असतं. हृदयाचं दुखणं सहसा पसरट असतं : छातीत जड वाटणं, आवळल्यासारखं होणं, जबडा, गळा, हात, पाठीकडे जाणं, श्रमाने वाढणं आणि थांबल्यावर ओसरणं. पेडल मारताना यातलं काही झालं, किंवा एकदम धाप, गार घाम, चक्कर, ठोक्यांची धडधड झाली, तर त्याच जागी थांबायचं. ‘पुढच्या वळणापर्यंत जाऊ’ नाही. खाली बसा, डॉक्टरांनी दिलेली सॉर्बिट्रेट, म्हणजे छातीदुखीवरची गोळी, जिभेखाली ठेवा. उभ्याने घेतलीत तर बीपी उतरून पडाल. पाच मिनिटांत दुखणं थांबलं नाही तर रुग्णवाहिका बोलवा, आणि दुखणं पहिल्या अटॅकसारखं वाटलं तर पाच मिनिटंही थांबू नका. स्वतः सायकल चालवत घरी यायचं नाही. थांबल्यावर बरं वाटलं तरी त्या दिवशी डॉक्टरांना फोन. आणि लाजेखातर कुणी विचारत नाही म्हणून लिहिते : सिल्डेनाफिलसारख्या लैंगिक ताकदीच्या गोळ्या घेत असाल तर डॉक्टरांना आधी सांगा. सॉर्बिट्रेटबरोबर त्यांनी बीपी धोकादायक खाली जातं.

रात्रीच्या भीतीकडे दुर्लक्ष करू नका. अटॅकनंतर साधारण पाचातल्या एकाला उपचार लागावेत इतकं नैराश्य येतं, आणि त्यामुळे गोळ्या, व्यायाम, झोप सगळंच विस्कटतं. तुम्हाला तेच झालंय असं मी पत्रावरून म्हणणार नाही, पण दोन आठवड्यांहून जास्त झोप उडालेली असेल, कशात मन लागत नसेल, तर हृदयाच्या डॉक्टरांनाच सांगा, ते योग्य ठिकाणी पाठवतील. व्यायामानेही भीती उतरते. छाती जोरात धडधडूनही काही झालं नाही, हे शरीराला रोज कळत जातं.

चावीबद्दल पत्नीशी भांडू नका. त्या पहाटे तुम्ही दुखण्यात होता, त्या शुद्धीत होत्या आणि सगळं बघत होत्या. त्यांना समजावून पटणार नाही, दाखवून पटेल. स्ट्रेस टेस्टला त्यांना बरोबर न्या. तुम्ही पट्ट्यावर चढाला चालताय, घाम आलाय, श्वास वाढलाय आणि शेजारी उभे असलेले डॉक्टर ईसीजी बघून मान हलवतायत, हे त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी बघू द्या. छाती दाबून हृदय चालू ठेवायचं प्रशिक्षण, सीपीआर, घरातल्या सगळ्यांनी घ्यावं. हात काय करू शकतात हे कळलं की असहायपणा कमी होतो. सायकलवर जाताना वाट आणि परतायची वेळ सांगून जा, फोनवरचं लोकेशन चालू ठेवा. आणि खोटं बोलून कधीही बाहेर पडू नका, एकदा पकडले गेलात की घरातला विश्वास परत मिळवायला वर्षं जातील.

पूर्वीसारखी येईल का, हे तुम्ही विचारलंत. वेग कदाचित थोडा कमी राहील, कारण बीटा ब्लॉकर चालू आहे तोवर वरच्या टोकाचा जोर आवरलेलाच असतो. पण पाच दिवस चालवणारा ५७ वर्षांचा माणूस दमछाकीच्या हिशेबात रविवारीच चालवणाऱ्या ५५ वर्षांच्या माणसापेक्षा सरस निघू शकतो, हे मी रिहॅबमध्ये बघत आलेय. सहा हजारांहून जास्त पुरुषांच्या २००२ सालच्या एका अभ्यासात, क्षमता एका मेटने जास्त असेल तर जगण्याची शक्यता १२ टक्क्यांनी जास्त दिसली. म्हणजे ७ वरून ८ मेट्सवर जाणं ही वेग वाढवण्यापेक्षा कितीतरी मोठी कमाई आहे. सगळं सुरळीत चाललं तर वर्षाच्या आत लांबची सपाट राइड अगदी शक्य आहे. ती किती लांब, हे दुसऱ्या स्ट्रेस टेस्टनंतर ठरवा.

पुढच्या तपासणीला जाताना एवढं कागदावर लिहून न्या, डॉक्टरांसमोर गेलं की विसरायला होतं : टीएमटी कधी, आणि नेहमीच्या गोळ्या घेऊन का? मला किती मेट्सपर्यंत परवानगी? नाडीची माझी वरची मर्यादा किती? परत इको कधी? जवळपास रिहॅब कुठे आहे? सॉर्बिट्रेट जवळ ठेवायची का, आणि किती घ्यायची? बीपीचा आकडा किती असावा, तो घरी केव्हा मोजायचा? उत्तरं त्याच कागदावर लिहून घ्या, आणि पत्नीने लिहून घेतली तर जास्त चांगलं.